माहेरचे नाव उपलब्ध नाही

घरी आली त्या दिवशी सकाळी आठपासून रात्री साडेदहापर्यंत सायने शू केली नव्हती. कोलशेत रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या मागे बऱ्यापैकी हिरवळ आहे. तिथे चार फेऱ्या झाल्या. दर वेळी ती गवताच्या कडेला येऊन थांबायची आणि देवळाच्या पायरीशी चपला काढून उभं राहावं तशी पुढचे पाय जुळवून उभी राहायची. आत पाऊल नाही. रात्री माझे वडील, अप्पा, सोफ्यावर पेपर वाचता वाचता पेंगले, पेपर हातातून घसरून खाली पडला. साय उठली, त्यावर बरोब्बर मधोमध जाऊन बसली आणि मोकळी झाली. अग्रलेखावर. अप्पांनी डोळे उघडले, पाहिलं, म्हणाले, "बाईंचं मत स्पष्ट आहे."

पुढचा दीड महिना मी पहाटे सव्वापाचला गवतावर कालचा पेपर अंथरत होते. आधी अख्खं पान, मग अर्धं, मग पाव. शेवटी पोस्टकार्डाएवढा तुकडा. वॉचमनने एकदा विचारलंसुद्धा, "मॅडम, कुत्री वाचते काय?"

साय लॅब्रॅडॉर आहे. फिकट पिवळी, तापवून निवलेल्या दुधावर येते त्या रंगाची, म्हणून हे नाव. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाळकुमजवळ एका बंद गेटला ती बांधलेली सापडली. भटक्यांना खाऊ घालणाऱ्या एक ताई आहेत तिथे, त्यांना. गळ्यात नायलॉनची दोरी, शेजारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पाणी. ज्याने सोडली त्याने पाणी ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. दोन महिने ती ताईंच्या ओळखीत फॉस्टरला राहिली आणि जानेवारीत आमच्याकडे आली.

आली तेव्हा तिच्याबरोबर एकही कागद नव्हता. जे काही होतं ते अंगावर होतं. आमच्या डॉक्टरांनी मला ते वाचायला शिकवलं. पुढच्या पायांची कोपरं काळी, बिनकेसांची, हत्तीच्या कातडीसारखी जाड: वर्षानुवर्षं फरशीवर झोपलेली. आचळं लोंबती. नखं वळून पंजाखाली गेलेली, म्हणजे चालणं नाहीच. मग त्यांनी तिचा वरचा ओठ बोटाने उचलला आणि मला टॉर्च धरायला सांगितलं. समोरून सुळे ठीक दिसत होते. बाजूने पाहिलं तर मागची अंगं कानशीने घासावीत तशी सपाट झालेली. "जाळी," डॉक्टर म्हणाले. "दात जाळीत अडकवून मागे ओढतात. एका दिवसात नाही होत हे."

फेब्रुवारीत तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी एका छोट्या वाटीत काहीतरी दाखवलं. निळ्या नायलॉनच्या दोऱ्याचे तीन तुकडे. आधी कधीतरी तिचं सिझर झालं होतं आणि आतले टाके या दोऱ्याने घातलेले होते. आतून विरघळणारा दोरा वापरायचा असतो. हा विरघळला नव्हता, तिच्या मांसात गाठी करून बसला होता. पोट ज्याने शिवलं, त्याने गोणी शिवावी तसं शिवलं होतं.

त्या वाटीने मी चिडले. त्याआधी मला फक्त कुतूहल होतं.

कुतूहल आमच्या घराला नवीन नाही. अप्पा गेली सहा वर्षं आमच्या कुलवृत्तांताची पुरवणी करतायत. त्यांच्या खोलीत बुटांची अकरा खोकी आहेत आणि त्यात पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, मृत्यूचे दाखले, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरून उतरवलेली टिपणं. माणूस कुठून आला हे कळल्याशिवाय तो नीट कळत नाही, असं मानणाऱ्या घरात मी वाढले. त्यात सायचा मागचा उजवा पाय उठताना अडखळायचा. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असणं आनुवंशिक असतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात एक्स-रे काढला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला: "आईबापांचं काही माहीत आहे?"

माझ्याकडे वाटीतला दोरा होता.

आणि एक चिप. ती आधी सापडली नव्हती, कारण मानेवर दोन खांद्यांच्या मध्ये ती असायला हवी आणि सायची सरकून डाव्या खांद्याखाली गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. लोकांना वाटतं चिप म्हणजे कुत्रं कुठे आहे ते मोबाइलवर दिसणार. तसं काही नसतं. तिला बॅटरीच नाही. यंत्र जवळ नेलं की तेवढ्यापुरती जागी होते, पंधरा आकडे सांगते आणि परत झोपते. सुरुवातीचे तीन आकडे एक तर देशाचे असतात, भारताचे ३५६, नाहीतर चिप बनवणाऱ्या कंपनीचे, नऊशेच्या पुढचे. सायचा नंबर नऊशेवाला निघाला. म्हणजे नंबरावरून चिप कोणी बनवली ते कळणार, कुत्री कोणाची ते नाही. नोंदणीच्या दोन-तीन वेबसाइटींवर नंबर टाकला. कोरं उत्तर.

रात्री मी जातीचा इतिहास वाचत बसायचे. त्यातून सायबद्दल काहीच कळणार नव्हतं, पण हातात तेवढंच होतं. लॅब्रॅडॉर हे मुळात लॅब्रॅडॉरचे नव्हेतच. शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे हे कुत्रे. ते इंग्लंडात गेले, तिथे सरदारांच्या शिकारीत रुळले आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने त्यांची स्वतंत्र जात मानली. नावातच पत्ता चुकलेला. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. साय मेथीची देठं, भेंडीची टोकं आणि एकदा डिंकाच्या लाडवांचं रिकामं पाकीट खाऊन बसली होती, तेव्हा तिच्या बाबतीत मला शंका उरली नाही. २००५ मध्ये पहिल्यांदा एका कुत्र्याचा अख्खा जीनोम जवळजवळ पूर्ण वाचून प्रसिद्ध झाला. ताशा नावाची बॉक्सर कुत्री होती ती. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत ताशाची अब्जावधी अक्षरं उघडून बघता येतात. आणि मला सायची आई कोण, तिचा बाप कोण, एवढी दोन नावं मिळत नव्हती.

वाट अखेर चिपेनेच दाखवली, पण आडवळणाने. चिपा सुट्या विकत नाहीत, पाकिटाने येतात आणि एका पाकिटातले नंबर पाठोपाठचे असतात. आमच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडून माल येतो त्यांना फोन केला, त्यांनी कल्याणच्या एका जनावरांच्या औषधांच्या दुकानाचं नाव सांगितलं. मी शनिवारी गेले. दुकानदार काका सुरुवातीला बोलायलाच तयार नव्हते. मग मी सायचा फोटो दाखवला आणि तो वाटीचाही. त्यांनी चष्मा वर केला, जुनं बिलबुक काढलं आणि दहा मिनिटं अंगठा ओला करत पानं उलटली. ऑगस्ट २०१८. दहाचं एक पाकीट. बदलापूर.

फोनवर मी खोटं बोलले. पिल्लू हवंय म्हणाले. पलीकडचा आवाज चाळिशी-पन्नाशीतला, अगदी सौम्य. "लॅब आहे ताई, पंधरा-वीस दिवसांत देतो. विथ पेपर की विदाउट?" फरक किती? "पाच हजार." पेपर कुठले? "ते होतात अरेंज."

'पेपर' म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र. त्यात आईबाप, आजी-आजोबा, त्यांचे आईबाप, सगळ्यांची नावं नोंदणी क्रमांकासकट असतात. अप्पांना मी एकदा असं एक दाखवलं होतं, मैत्रिणीच्या कुत्र्याचं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यात आईची बाजूसुद्धा आहे गं. शेवटपर्यंत." आमच्या कुलवृत्तांतात ती नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलापूर लोकल पकडली. सायला नेलं नाही. घर पश्चिमेला, उल्हास नदीपासून चार गल्ल्या अलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. मी दारातच खरं सांगून टाकलं. फोनवर बोलले होते त्या दादांचा चेहरा उतरला, पण त्यांनी दार लावलं नाही. त्यांच्या बायकोने फोन माझ्या हातातून घेतला, फोटो बोटाने मोठा केला.

"बायडी," ती म्हणाली. "जाडी झाली की." आणि मग लगेच, "पेपरवरच करते का अजून?"

मी इतकी वाद घालायच्या तयारीने गेले होते आणि हा प्रश्न आला. रोज सकाळी पेपर टाकणारी बाई ही. माझ्याआधीची.

शेडमध्ये अँगलच्या तीन जाळ्या होत्या. एक रिकामी. उरलेल्या दोन्हींत एकेक कुत्री, एकीचं पोट जमिनीला लागायच्या बेतात. फिनेलचा वास, खाली फरशी, फरशीवर पेपर, आणि वर एक टेबलफॅन त्यांच्याकडे तोंड करून चालू. घरात पंखा बंद होता आणि शेडमध्ये चालू होता. मी राक्षस बघायला गेले होते. तो तिथे असता तर सोपं गेलं असतं.

दादा एका कारखान्यात होते, तो बंद पडला. एका मित्राने कुत्री दिली, तिला आठ पिल्लं झाली, आठवड्यात संपली. पगारापेक्षा जास्त पैसे एका झटक्यात. तिथून सुरू. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आणले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, प्रत्येकाला चिप हवी, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिला लावायची नाही, वर्षात एकच वेत, जन्मात जास्तीत जास्त पाच. दादांनी ते कोणाकडून तरी ऐकलं, घाबरून चिपा आणल्या, तीन माद्यांना टोचल्या. मग कोणी विचारायलाच आलं नाही. सात सुया अजून फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात होत्या. त्यांनी आणून दाखवल्या. पाकिटाबरोबर आलेले नंबरांचे स्टिकर त्यांनी वहीत चिकटवले होते, आणि तिसरा स्टिकर माझ्याकडच्या कागदाशी आकडान् आकडा जुळला.

वही लाँगबुक होती, लाल पाठीची. प्रत्येक मादीला एक पान. सायच्या पानावर वर लिहिलेलं: फी. ३, म्हणजे फीमेल तीन. नाव नाही; 'बायडी' हे बायकोपुरतं. खाली रकाने. लावल्याची तारीख, त्यात त्रेसष्ट दिवस मिळवून पुढची तारीख, नर किती, मादी किती, गेली किती, कुठे दिली. ठाणे २, वाशी १, पनवेल १, डोंबिवली ३. अक्षर सुरेख होतं, एकही खाडाखोड नाही. सहा वेतं. एकूण एक्केचाळीस, जगली पस्तीस. शेवटच्या ओळीत, जून २०२१: ४, जगली ३, आणि कंसात 'सिझर'. पानावर पुढे काही नाही.

"पहिली खेप कितव्या महिन्यात?"

"तेराव्या." ते थोडे अभिमानानेच म्हणाले, "पहिल्या माजाला नाही लावली हां ताई. लोक तेही करतात."

आई? आई इथलीच, फी. १. सायचा जन्म जानेवारी २०१७चा, त्याच शेडमधला. फी. १ शेवटी शेवटी मागचे पाय ओढायची. एक्स-रेवाल्यांना हवं होतं ते उत्तर मला असं, चहाच्या कपावरून मिळालं. आणि बाप? "नाशिकहून स्टड आणला होता. जबरदस्त होता. नाव वहीत होतं."

कुठल्या वहीत? बायको उठून आत गेली आणि माळ्यावरून एक वस्तू घेऊन आली. आधी मला ती गुळाची ढेप वाटली. जुलै २०१९च्या शेवटच्या आठवड्यात उल्हासला पूर आला होता. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी बोटींतून काढले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच रात्री या घरात कमरेपर्यंत पाणी होतं. या दोघांनी अंधारात कुत्री एकेक करून शेजारच्या स्लॅबवर नेली. वही राहिली. पाणी ओसरल्यावर सापडली, उन्हात वाळवली, पानं एकमेकांना चिकटून घट्ट झाली, शाई सगळीकडून फुटून कडा जांभळ्या. फी. १ कोणाची, तिला कुठून आणलं, नाशिकच्या त्या कुत्र्याचं नाव, सगळं त्या ढेपेत आहे. नव्या वहीत दादांनी आठवेल तेवढं उतरवून काढलं. आठवलं ते वेतांचं. किती झाली, किती जगली.

मी शेवटचा प्रश्न विचारला. सिझरनंतर तिचं काय केलं?

"आता परत लावता येणार नव्हती. ठाण्याच्या एका पार्टीला दिली, फुकट. चांगली माणसं होती."

ते हे बोलत असताना त्यांची बायको पुन्हा आत गेली. या वेळी काही आणायला नाही.

निघताना तिने पिशवीत जांभळं घातली आणि त्यावर ती भिजलेली वही. "आमच्याकडे कोणी उघडणार नाही. टाकवतही नाही. तुमच्या वडिलांना कागदांचं कळतं म्हणालात ना."

चौथ्या दिवशी मी तक्रार केली. लेखी, नियमांच्या उल्लेखासह, वहीच्या पानाच्या फोटोसह. घरच्या चहाला जागले नाही, असं माझ्या आईने नक्की म्हटलं असतं. माझं मलाही तसं वाटत होतं आणि त्याच वेळी पोट टेकलेली ती कुत्रीही दिसत होती. तक्रारीचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं अजून नाही. बाळकुमच्या ताईंनी आणि डोंबिवलीच्या दोन मुलींनी जाऊन, बरंच बोलून, दोघींतली एक सोडवून आणली. जी गाभण नव्हती ती. दुसरीबद्दल दादा म्हणाले, एवढं वेत झालं की बंद. माझा नंबर त्यांनी ब्लॉक केलाय.

घरी आल्यावर मी सायच्या समोर बसले आणि हळूच म्हटलं, "बायडी." ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा म्हटलं, जरा त्यांच्या हेलात. काही नाही. शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाजलं तशी उठून गेली.

उपवनला फिरायला जाते तेव्हा मात्र आता माझी पंचाईत होते. समोरून पिवळा लॅब आला की मी त्याचं वय विचारते. तीन म्हणाले तर कुठून घेतला तेही. लोकांना वाटतं गप्पा मारतेय.

त्या रात्री अप्पांना मी फोनवरचा वहीच्या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून वाचला, फोन खाली ठेवला आणि खोलीतून कुलवृत्तांताचा जाड खंड घेऊन आले. खूण घातलेली होतीच. त्यांच्या पणजीची नोंद. गेली सहा वर्षं ते तिचं माहेर शोधतायत. दोन ओळी आहेत. पहिलीत नवऱ्याचं नाव. दुसरीत: माहेरचे नाव उपलब्ध नाही. अपत्ये ९, पैकी हयात ५.

त्यांनी खंड फोनच्या शेजारी ठेवला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "वही आण ती."

पुण्याच्या आत्याकडे आमच्या घराण्याची एक ट्रंक होती, ती १९६१ला पानशेतच्या पुरात गेली. वर्षानुवर्षं मी ही गोष्ट ऐकत आलेय, आणि ऐकून सोडून देत आलेय. त्या ट्रंकेतली चार पत्रं गाळातून काढून आजोबांनी कशी सोडवली, ते अप्पांनी तरुणपणी शेजारी बसून पाहिलं होतं. घाई नाही, पाणी नाही, वाफही अगदी लांबून. लोण्याची बोथट सुरी आणि शेजारी चिमटा.

गेले तीन आठवडे जेवणानंतर टेबलावर हेच चाललंय. कव्हर सुटलं. पहिली सहा पानं तुकड्यांत आली, त्यांवर निव्वळ जांभळी सावली. सातव्यावर एक तारीख लागली, २०१५. आठव्याची कड काल रात्री सुरीवर हलली, अप्पांनी श्वास रोखला, दिव्याखाली 'फी. १' एवढं मला स्पष्ट दिसलं आणि त्याखाली एका शब्दाची सुरुवात, 'ना'. नाशिकचा की कशाचा, बघायला मी पुढे वाकले तेवढ्यात माझा कोपर लागला आणि पान टेबलावरून तरंगत खाली गेलं.

पलंगाखालून साय बाहेर आली. कान टवकारून पानाकडे पाहिलं, आणि संथपणे, पूर्वीसारखी, मधोमध जायला निघाली.

"नाही, नाही, बाई, हा पेपर नाही," म्हणत एक्क्याऐंशी वर्षांचे अप्पा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले.